टिंबक्टूच्या वाटेवरचे मारेकरी: ‘मिडीवल टू’मधलं एक प्रकरण

‘मिडीवल टू: टोटल वॉर’ हा मध्ययुगीन राज्यं लढवण्याचा कम्प्युटर गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, मारेकरी कशासाठी ठेवायचे? उत्तर ठरलेलं असतं: शत्रूचा राजा, नाहीतर त्याचा वारस, आणि अंगात फारच रग असेल तर पोप. खेळही या उत्तराला खतपाणी घालतो. मोहिमेवर पाठवलं की छोटी चित्रफीत दिसते, अंधारात सरकणारा माणूस, दोर, खंजीर वगैरे. फसली तर तीच चित्रफीत विनोदी होते. दोन-चार वेळा मजा येते, मग सेटिंगमध्ये जाऊन माणूस ती बंद करून टाकतो.

राजे मारण्यात मारेकरी घालवणं हा मला तरी महागडा छंद वाटतो. राजा मेला की वारस गादीवर बसतो आणि एआयचं, म्हणजे कम्प्युटर चालवतो ते, राज्य मागच्या पानावरून पुढे चालू. मारेकरी खरी कमाई करून देतो ती शत्रूच्या एजंटांवर (व्यापारी, हेर, राजदूत वगैरे), आणि तीही नकाशाभर हिंडवून नव्हे, एका जागी बसवून. मूर (वायव्य आफ्रिका आणि दक्षिण स्पेनमधलं मुस्लिम राज्य) घेऊन खेळलेल्या एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे एका अख्ख्या डावात, हे स्वच्छ दिसलं, म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो.

न खेळलेल्यांसाठी आधी थोडं. क्रिएटिव्ह असेंब्लीने बनवलेला आणि सेगाने आणलेला हा खेळ २००६ सालचा. २०२२ मध्ये तो फोनवरही आला, त्यामुळे आता लोकलमध्ये उभ्या उभ्या जेरुसलेम घेणारी मंडळी भेटतात. कॅम्पेन १०८० ते १५३०, एक टर्न, म्हणजे एक पाळी, दोन वर्षांची, एकूण २२५ टर्न. पण माणसांचं वय टर्नला अर्ध्याच वर्षाने वाढतं. हिशोब म्हणून हे अजब आहे, मात्र मारेकऱ्यांच्या बाबतीत पथ्यावर पडतं. विशीतला पोरगा साठीला पोचेपर्यंत ऐंशी टर्न मिळतात, म्हणजे कॅलेंडरवरची एकशेसाठ वर्षं. एकदा नीट तयार केलेला माणूस कॅम्पेनच्या एक तृतीयांशाहून जास्त काळ पुरण्याच्या हिशोबात असतो. तो टिकवायचा की उधळायचा हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

मूर पहिल्या दिवसापासून खेळता येत नाहीत. सुरुवातीला इंग्लंड, फ्रान्स, होली रोमन एम्पायर, स्पेन आणि व्हेनिस एवढेच पाच उघडे असतात. मूर मिळाले की पदरात पडतात कॉर्डोबा, ग्रॅनाडा, मराकेश आणि अल्जीयर्स. म्हणजे एक पाय युरोपात, एक आफ्रिकेत, मध्ये समुद्र. उत्तरेला स्पेनकडे लिऑन आणि टोलेडो. (इतिहासात टोलेडो लिऑन-कॅस्टीलचा राजा सहाव्या आल्फोन्सोच्या हाती आलं १०८५ मध्ये. खेळाने ते त्याला पाच वर्षं आधीच देऊन टाकलंय.) व्हॅलेन्सियात एल सिद हा नामांकित स्पॅनिश सरदार बंडखोर म्हणून बसलेला असतो, आणि पोर्तुगालचं एक टोक लिस्बनला तर दुसरं पांप्लोनाला. इबेरियात मूर खेळणाऱ्याला उसंत कशी ती मिळत नाही.

पैसा मात्र दक्षिणेला आहे. नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मराकेशहून अर्गुइन आणि अर्गुइनहून टिंबक्टू, अशी वाळवंटातून जाणारी लांबलचक वाट. टिंबक्टूच्या आसपास सोनं आणि हस्तिदंत. या खेळात व्यापाऱ्याची कमाई तीन गोष्टींवर ठरते: माल कोणता, तो आपल्या राजधानीपासून किती लांब आणि व्यापाऱ्याची अक्कल किती. टिंबक्टूच्या सोन्यावर मुरलेला व्यापारी उभा असेल तर तो एकटा टर्नला शंभराच्या पुढे फ्लोरिन (खेळातलं नाणं) आणतो. असे तीन-चार जण असले की एका बऱ्यापैकी शहराचं उत्पन्न झालं, आणि त्या शहराला ना तटबंदी लागते ना शिबंदी.

हे एआयच्या राज्यांनाही ठाऊक असतं. कॅम्पेन मध्यावर आली तसे स्पेन, पोर्तुगाल, मिलान, सिसिली असे सगळ्यांचे व्यापारी वाळवंट तुडवत तिकडे येऊ लागले. मालाच्या एका चौकटीवर एकच व्यापारी उभा राहू शकतो, त्यामुळे आलेला माणूस आधीच्याला हुसकावू पाहतो. खेळात याला ताबा घेणं म्हणतात. ज्याचं कौशल्य जास्त त्याचं पारडं जड. हरलेला व्यापारी नकाशावरूनच नाहीसा होतो आणि जिंकलेल्याला वर रोकड मिळते. माझे दोन चांगले व्यापारी असे गेले. बदली म्हणून मराकेशहून पाठवलेली नवी पोरं तिथे पोचायलाच कित्येक टर्न लागायच्या, आणि पोचली की आधीच दोघांना गिळून गब्बर झालेला स्पॅनिश व्यापारी त्यांनाही गिळायचा. दुष्टचक्र ते हेच. शत्रूचा व्यापारी प्रत्येक घासागणिक तगडा होतो आणि आपण त्याला कच्चे घास पुरवत राहतो.

उपाय चार होते. पहिला, स्पेनशी युद्ध करून टोलेडो घ्यायचं, म्हणजे व्यापारी येण्याचं मूळच खुंटेल. पण तेव्हा स्पेनशी मोठ्या मुश्किलीने तह झालेला होता, आणि कॅथलिक राज्याला फार दाबलं की पोपला कॉर्डोबावर क्रूसेड (धर्मयुद्ध) पुकारायला निमित्त मिळतं. शिवाय स्पेन संपला तरी मिलान आणि सिसिली उरतातच. दुसरा, व्यापारी गिल्ड (व्यापाऱ्यांचा संघ) उभारून घरूनच जाणते व्यापारी पाठवायचे. हा उपाय उत्तम, पण गिल्ड मागून मिळत नाही. आपल्या वागण्यावरून खेळच ते देऊ करतो आणि एका शहरात एकच गिल्ड बसतं. तिसरा म्हणजे किल्ल्याची युक्ती. सेनापतीला मालाच्या चौकटीवर नेऊन तिथेच लाकडी किल्ला उभारायचा आणि आत चार-पाच व्यापारी कोंबायचे. एकाच सोन्यावर सगळे कमावतात आणि बाहेरच्याला हात लावता येत नाही. जुने खेळाडू ही युक्ती सर्रास वापरतात. मला ती पटत नाही. नियमाच्या फटीतून काढलेला पैसा आहे तो, आणि एकदा किल्ला बांधला की त्या कोपऱ्यात खेळण्यासारखं काही उरतच नाही. ज्याला चालतं त्याने खुशाल करावं.

चौथा उपाय मारेकरी.

इथे बहुतेक जण काय करतात ते आधी सांगतो. गुत्त्याची इमारत वाढवत नेली की मारेकरी भरती करता येतात. तो कोरा करकरीत मारेकरी सरळ त्या गब्बर व्यापाऱ्यावर सोडतात. लक्ष्यावर क्लिक केलं की यशाची टक्केवारी समोर येते. कोऱ्या माणसाची ती विशी-तिशीच्या घरात रेंगाळते. फसला तर मारेकरी कधी निसटतो, कधी जीव गमावतो, आणि पकडला गेला तर संबंध बिघडतात ते वेगळेच. मग सेव्ह उघडून पुन्हा प्रयत्न, पुन्हा सेव्ह. त्या वाटेने जायचं तर टक्केवारीला अर्थच राहत नाही.

दुसरी ठरलेली पद्धत म्हणजे पाठलाग. शत्रूचा एजंट दिसला की लाव मागे. यातली अडचण टक्केवारीची नसून चालीची आहे. एजंटला टर्नला ठरावीकच अंतर कापता येतं. समोरचाही तेवढंच कापतो. तुम्ही त्याच्या मागे पोचता तोवर चाल संपलेली, आणि एआयची पाळी आली की तो पुढे सटकलेला. चांगला तयार झालेला मारेकरी अशा पाठलागात आयुष्य घालवताना पाहिला की जीव हळहळतो. जनावराच्या मागे रान तुडवणाऱ्यापेक्षा पाणवठ्यावर दबा धरून बसणारा शिकारी शहाणा, आणि टिंबक्टू हा पाणवठाच आहे. व्यापारी कुठूनही निघाला तरी शेवटी तिथेच येणार.

म्हणून रचना अशी केली. मराकेशला दोन मारेकरी आणि एक हेर भरती केला. मारेकऱ्यांना आधी मराकेशच्या अवतीभवती ठेवलं, कारण बंडखोरांच्या टोळ्या तिथे अधूनमधून उगवतात आणि टोळीचा म्होरक्या हे नवशिक्यासाठी बरं सावज. त्याच्यामागे कुणी राज्य नसतं, त्यामुळे पकडले गेलो तरी कुणाशी वितुष्ट येत नाही. नकाशावर उगवणारे पाखंडी आणि चेटकिणीही या सरावाला चालतात. तिथे दोघांनाही थोडी धार आली. यशानंतर कौशल्य दर वेळी वाढतंच असं नाही, पण वाढतं, आणि कधी कधी उपयोगी साथीदारही मिळतो. दहापैकी तीन-चारपर्यंत पोचले तेव्हा दोघांना दक्षिणेला हलवलं.

आता जागा. मारेकरी सोन्याशेजारी उभे करावेत असं सहज वाटतं, पण ते चुकीचं ठरतं. शत्रूचा व्यापारी आपल्या नजरेच्या कडेला दिसला आणि एआयच्या त्याच पाळीत तो सोन्यापर्यंत पोचणार असेल, तर मारेकऱ्याला पाळीच मिळत नाही. आपल्या टर्नला तो उघड्यावर, मारेकऱ्याच्या टप्प्यात उभा असायला हवा. म्हणून दोघेही टिंबक्टूपासून साधारण एका टर्नच्या चालीवर, अर्गुइनकडून येणाऱ्या वाटेवर बसवले. हेर त्यांच्याही पुढे. हेराची नजर लांबवर जाते आणि शत्रूचे लपलेले हेर-मारेकरीही त्याला दिसतात. त्याच पट्ट्यात टेहळणी बुरूजही बांधून घेतला. ही साखळी लागली की व्यापारी आधी हेराला दिसतो, मग मारेकऱ्यांच्या टप्प्यात येतो आणि सोनं त्याच्यापासून अजून एक टर्न लांबच असतं.

पहिला आला तो तोच स्पॅनिश. हस्तिदंत बळकावून झालं होतं, आता तो फिरून सोन्याकडे निघाला होता. टप्प्यात आल्यावर दोघांचे आकडे पाहिले. धाकट्याचा ४५ टक्के, थोरल्याचा ७०. आधी कुणाला पाठवायचं? हात थोरल्याकडे जातो. मी धाकट्याला पाठवलं, आणि त्यामागे साधं गणित आहे. दोघेही फसण्याची शक्यता क्रम कसाही ठेवला तरी तेवढीच: ५५ टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे साडेसोळा. व्यापारी मरण्याची शक्यता दोन्ही क्रमांत ८३ टक्क्यांच्या वर. फरक पडतो तो कोण वापरला जातो यात. धाकटा आधी गेला आणि जमलं, तर त्याला अनुभव मिळतो आणि थोरला त्या टर्नला दुसऱ्या कामाला मोकळा. फसला, तर जोखमीत पडलेला माणूस कमी किमतीचा असतो. थोरला आधी गेला तर दहापैकी सात वेळा धाकटा नुसता बघत बसतो, आणि कायम कच्चाच राहतो. धाकटा फसला, पण निसटला. थोरल्याने काम केलं.

त्यानंतर मिलानचा एक आला, मग पोर्तुगालचा. दर खेपेला तोच क्रम. धाकट्याचे आकडे चढत गेले. कौशल्य कितीही वाढलं तरी यशाची टक्केवारी ९५ च्या वर जात नाही, त्यामुळे दहापैकी दहाचा मारेकरीसुद्धा कधीतरी फसतो. जोडी ठेवण्याचं हेही एक कारण. शंभर टक्के खात्रीचा एकटा माणूस हा खेळ देतच नाही.

खरा फायदा मात्र मेलेल्या व्यापाऱ्यांच्या संख्येत नव्हता. एवढ्या काळात माझे व्यापारी हलवल्यावाचून जागेवर टिकले. टिकले म्हणून त्यांचं कौशल्य वाढलं. वाढलं म्हणून पुढे येणाऱ्या कच्च्या व्यापाऱ्यांवर ते स्वतःच ताबा घेऊ लागले, आणि प्रत्येक ताब्यामागे रोकड. तेव्हापासून मारेकऱ्यांना मी दुबळ्या व्यापाऱ्यांवर वापरणंच थांबवलं. आलेल्याचं कौशल्य कमी असेल तर तो आपल्या व्यापाऱ्याचा घास, जास्त असेल तर मारेकऱ्यांचा. मघाचं दुष्टचक्र आता स्पेनच्या माणसांवर उलटलं होतं.

इथे थोडं विषयांतर. मारेकरी म्हटलं की ज्यांची आठवण निघते ते निझारी इस्माइली, शिया मुस्लिमांमधला एक पंथ, नेमकं उलटं करत. त्यांचा म्होरक्या हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये इराणमधला अलमूत किल्ला घेतला आणि दोनच वर्षांत, १०९२ मध्ये, सेल्जुकांचा वजीर निझाम-उल-मुल्क मारला गेला. काही आठवड्यांत सुलतान मलिकशाहही वारला आणि साम्राज्य वारसांच्या भांडणात सापडलं. ११९२ मध्ये टायरला मॉन्टफेराचा कॉनराड मारला गेला, जेरुसलेमचा राजा म्हणून निवड झाल्यावर काही दिवसांतच. मूठभर माणसांनी मोठ्या सत्तांना धाकात ठेवायचं तर वरचाच माणूस उडवावा लागे, आणि तिथे ते लागू पडे, कारण राज्य त्या माणसाच्या नात्यागोत्यांवर आणि शब्दावर उभं असे. खेळातलं राज्य तसं उभं नसतं. राजा मेल्यावर सरदार फुटत नाहीत, प्रांत वेगळे होत नाहीत, पुढचा माणूस मुकुट घालून पुढच्या टर्नला हजर. मुस्लिम राज्यांना हशाशीन (याच निझारींना पडलेलं नाव) गिल्ड देऊन खेळाने नाव उचललं, पण ती नावाजलेली पद्धत ज्या परिस्थितीत चालायची ती परिस्थिती उचलली नाही.

टिंबक्टूचा बंदोबस्त लागल्यावर मोह होतो की दिसेल तो एजंट उडवावा. आकडे चांगले असतात, माणूस मोकळा असतो. तरी राजदूतांना मी हात लावला नाही. या खेळात तह, व्यापार करार, युद्धबंदी, सगळं एजंटाच्या पायाने चालत येतं. स्पेनचा राजदूत मारला की स्पेनची तहाची बोलणी आपल्यापर्यंत पोचायलाच उशीर. राजकन्याही तशाच, त्या बोलणीही करतात. धर्मगुरूंचं थोडं वेगळं. कॉर्डोबाच्या परिसरात स्पेनचे धर्मगुरू लोकांना ख्रिस्ती करत हिंडत होते आणि शहरात कुरबुर वाढत होती. पण धर्मांतर हळूहळू होतं आणि त्यावर स्वस्त उतारा आपले इमाम. मारेकऱ्याचं आयुष्य त्यात घालवणं मला पटलं नाही. कॅथलिक राज्य घेऊन खेळणाऱ्याने मात्र या बाबतीत माझं ऐकू नये. त्याच्यासाठी शत्रूचा धर्मगुरू उद्या कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारा वरिष्ठ धर्मगुरू, होतो, पोपच्या निवडणुकीतल्या तीन उमेदवारांपैकी एक होतो, आणि त्याला वेळेवर उडवणं म्हणजे पोपची गादी आपल्या बाजूला झुकवणं. इन्क्विझिटर, म्हणजे पोपचे पाखंड-तपासनीस, तर कॅथलिक राज्यांच्या सेनापतींना पाखंडाच्या आरोपाखाली जाळतच सुटतात. मूरांना तो ताप नाही.

हेर हा एकच प्रकार असा, की तो दिसला की मी मारेकरी लगेच वळवला. शत्रूचा हेर शहरात शिरला की असंतोष वाढवतो आणि वेढा पडला की दरवाजा आतून उघडू शकतो. ग्रॅनाडासारख्या सीमेवरच्या किल्ल्यात हे परवडत नाही. पण इथेही तीच अट: आपला हेर जवळ असल्याशिवाय त्यांचा हेर दिसतच नाही. म्हणून ग्रॅनाडाला आधी हेर ठेवला आणि मगच धाकट्याला, जो आता धाकटा म्हणण्याजोगा राहिला नव्हता, दक्षिणेहून वर आणला. वाळवंट आणि समुद्र ओलांडून यायला त्याला बऱ्याच टर्न लागल्या. त्याची टिंबक्टूची जागा मारेकऱ्यांच्या गिल्डमधून आलेल्या नव्या माणसाने घेतली. दोघांकडून इतकी कामं करून घेतल्यावर ते गिल्ड मराकेशला आपसूकच देऊ करण्यात आलं होतं, आणि तिथून निघणारा मारेकरी कोरा नसतो.

ते गिल्ड घेतलं याचा अर्थ मराकेशला व्यापारी गिल्ड कायमचं हुकलं. यावर वाद घालता येईल. व्यापारी गिल्ड घेतलं असतं तर नवे व्यापारी जाणते निघाले असते आणि मारेकऱ्यांची गरज थोडी घटली असती. पण मराकेश हेच टिंबक्टूला जवळचं मोठं शहर, दुसरीकडून माणूस आणायचा तर दुप्पट वाट, आणि संरक्षण नसलेला जाणता व्यापारी हासुद्धा शेवटी कुणाच्या तरी जाणत्या व्यापाऱ्याचा घासच. व्यापारी गिल्ड पुढे अल्जीयर्सला मिळालं, तेव्हा तिथून निघालेल्यांना मी सोन्याकडे न पाठवता पूर्वेकडच्या बाजारांत पाठवलं.

एक भोक मात्र शेवटपर्यंत राहिलं. पोर्तुगालचे व्यापारी कधी कधी जहाजाने येऊन अर्गुइनच्या दक्षिणेला उतरत. जहाजावर असेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही, आणि उतरतात ते माझ्या हेराच्या मागच्या बाजूला. त्यावर उपाय दोन: किनाऱ्यावर तिसरा मारेकरी बसवणं, किंवा अर्गुइनला दोन-तीन जहाजांचं छोटं आरमार ठेवून त्यांची जहाजंच बुडवणं. दुसऱ्यात एजंट जहाजासकट जातो, पण ते उघड युद्ध. पोर्तुगालशी युद्ध सुरू होईपर्यंत मी तिसऱ्या मारेकऱ्यावर भागवलं, आणि युद्ध पेटलं त्याच टर्नला अर्गुइनच्या बंदरात जहाजं बांधायला घेतली.